गिरिजाकाकीचा बारीक हात

हसनाबादेत कुणाच्या गाईम्हशीच्या घशात काही अडकलं, की पहिली हाक जायची ती गिरिजाकाकीला. तिचा हात होताच तसा बारीक. कासार आला की गल्लीतल्या बायका हसायच्या, कारण काकीच्या मापाच्या बांगड्या तो लहान पोरींच्या जुडग्यातून काढायचा. पण हाच हात कोपरापर्यंत जनावराच्या घशात जायचा आणि आंब्याची कोय, गाजराचं बुडूख, एकदा तर अख्खं मक्याचं कणीस घेऊन बाहेर यायचा. जनावर मोठा श्वास टाकायचं, मालक हात जोडायचा आणि काकी राखेनं हात घासत म्हणायची, "जनावराला सांगा, चावून खात जाय म्हणावं."

शिवकन्या ही तिची पुतणी. आई लहानपणीच गेली, म्हणून काकीच्याच पदराला धरून वाढलेली. आता दहावीला होती. मागच्या वर्षापर्यंत वर्गात नाव पुकारलं तरी हिचं 'हजर' घशातल्या घशात राहायचं. यंदा सहामाहीत ती विज्ञानात पहिली आली, आणि खरात सरांनी 'आरोग्य आणि रोग' हा धडा तिलाच वर्गाला समजावून सांगायला लावला. भीत भीतच ती फळ्यापाशी गेली. तोंड उघडलं, आणि मग ते मिटेचना! तेव्हापासून घरात कुणी नुसतं शिंकलं तरी शिवकन्येचं व्याख्यान सुरू. जंतू कुठून आला, शरीराची पलटण त्याच्यावर कशी धावून जाते, एकदा पाहिलेला शत्रू ती पलटण कशी ध्यानात ठेवते, सगळं. काकीचा नवरा संपतकाका म्हणायचा, "ही डाक्टरीण झाली तर बरं, न्हाईतर जत्रेतला लाउडस्पीकर तर बराबर व्हईन."

त्या हिवाळ्यात, एका सोमवारी शेजारच्या रखमाजीची म्हैस व्याली. रेडकाला पोटभर पाजून उरलेला चीक गल्लीत घरोघर गेला, तसा तो जातच असतो. घरोघर खरवस शिजला. शिवकन्येनं दोन वाट्या संपवल्या आणि ओट्यावर बसून सांगितलं, "चिकातून रेडकाला रोगाशी झगडायची ताकद आयती मिळती. आईनं कमावलेली, पिल्लाला फुकट!"

समोरची द्वारकाबाई म्हणाली, "मंग तू काहून खाऊन राह्यलीस? तुला शेपूट फुटलं का काय?"

सगळ्या हसल्या. एकट्या गिरिजाकाकीनं खरवस तोंडात घातला नाही. तिचे सोळा सोमवार चालू होते. लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस उजवली नव्हती. त्यासाठीच ते व्रत. तिच्या वाटणीची वाटी द्वारकाबाईच्या पोरांनी चाटूनपुसून खाल्ली.

पुढच्या रविवारी शिवकन्या काकीबरोबर कापूस वेचायला गेली. वाळलेल्या बोंडांची टोकं म्हणजे सुयाच. संध्याकाळी दोघींची बोटं नखांपाशी चिरलेली, ओरखडलेली. घरी येऊन ओझी टाकतात न टाकतात तोच रखमाजी धावत आला.

"वहिनी, चला जल्दी! म्हशीच्या घशात कायतरी गुतलंय. सकाळधरनं रवंथ न्हाई, पाण्यात तोंड घालती पण गिळतच न्हाई."

म्हैस मान लांब करून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा थेट जमिनीपर्यंत. आवाज घोगरा, जणू कुणी गळा धरलाय. रखमाजीनं दोन्ही हातांनी जबडा फाकवला. शिवकन्येनं जीभ एका बाजूला ओढून धरली. खरखरीत, चिकट, सारखी निसटणारी जीभ. काकीनं बांगड्या वर सारल्या आणि हात आत घातला. तिनं डोळे मिटले होते. ती नेहमीच मिटायची, म्हणायची बोटांना दिसतं.

बराच वेळ ती चाचपत राहिली.

"काहीच न्हाई, भाऊजी," ती हात बाहेर काढत म्हणाली. "घसा मोकळा हाय. आतून नुसता थरथरून राह्यलाय."

"असं कसं? बराबर बघा की!"

तिनं पुन्हा घातला. पुन्हा काही नाही. तिघांनी हात कडब्याला पुसले, मग पाण्यानं विसळले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी म्हशीनं दावं तोडलं. गव्हाणीच्या लाकडाला दातानं धरून ओढलं, भिंतीला धडका दिल्या, स्वतःच्या रेडकावर धावून गेली. रखमाजीनं दार लोटून घेतलं म्हणून रेडकू वाचलं. सूर्य कलायच्या आत ती पडली ती उठलीच नाही. आणि मग कुणालातरी आठवलं, की दसऱ्याच्या आसपास एक पिसाळलेलं कुत्रं ह्याच गोठ्यांतून फिरलं होतं. नदीकाठी लोकांनी मारलं ते. मरायच्या आधी ते कुणाकुणाला चावलं, हे जनावरं थोडीच सांगतात?

"म्हैस पिसाळल्ती!"

ह्या दोन शब्दांनी गल्ली गार पडली. बायका जिथं होत्या तिथं खाली बसल्या. साऱ्या गल्लीनं तिचा चीक खाल्ला होता! ज्यानं वाटला त्यानं, ज्यांनी मागून घेतला त्यांनी, दात नसलेल्यांनी आणि नुकते दात आलेल्यांनीही. दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजीनं बैलगाडी जुंपली आणि घरच्या माणसांना घेऊन तो उतारा घ्यायला निघाला. दूर एका वस्तीवर कुणी बाबा पाला वाटून देतो, असं त्यानं ऐकलं होतं. गाडीत जागा मिळाली नाही त्या बायका मागं राहून छाती बडवू लागल्या.

"माझ्या तिन्ही लेकरांनी खाल्ला गं," द्वारकाबाई रडत होती. "गिरिजे, तुझीबी वाटी त्यांनीच खाल्ली!"

त्या सगळ्या गोंधळात गिरिजाकाकी एकटी शांत होती. कुणाच्या डोक्यावर हात फिरव, कुणाला पाणी दे. "महादेवानं मला वाचिवलं बाई," ती म्हणाली. "उपास व्हता म्हणून थेंबबी पोटात गेला न्हाई. तुम्हाला कुणाला काही झालं तर तुमची लेकरं मी सांभाळीन, मंग तर झालं?"

"आगं थुंक! आत्ताच मारतीस का काय आम्हाला?" द्वारकाबाई रडता रडता हसली.

आणि इथं शिवकन्या ओट्यावर चढली. खरं सांगायचं तर तिला आतून उकळ्या फुटत होत्या. साऱ्या गल्लीला जे माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं! नुकताच वाचलेला, तोंडपाठ धडा.

"रडू नका! ऐका माझं!" तिचा आवाज वर्गात निघतो तसा खणखणीत निघाला. "खरवस शिजवलेला होता का न्हाई? चांगली वाफ दिल्ती का न्हाई? त्या आचेत ह्या रोगाचा विषाणू टिकत न्हाई. चिकाला घाबरायचं काही कारणच न्हाई. हा रोग कुठं असतो, माहिताय का? लाळेत! पिसाळलेल्या जनावराची लाळ जखमेला लागली, नुसत्या ओरखड्याला जरी लागली, की तिथनं तो आत शिरतो. मग नसांतून हळूहळू वर चढतो, मेंदूकडं. एकदा मेंदूत पोचला की मग जगात औषध न्हाई. म्हणून ज्याला लाळ लागली, त्यानं..."

बोलता बोलता तिचं लक्ष काकीकडं गेलं. काकी द्वारकाबाईच्या धाकट्याचं नाक पुसत होती. पदराच्या टोकाला धरलेली बारीक बोटं. नखांपाशी लाल चिरा.

शिवकन्येचं वाक्य तिथंच तुटलं.

कान बंद झाल्यासारखे झाले. बायकांची तोंडं हलताना दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं. कोपरापर्यंत लाळेनं माखलेला तो हात, तोच तेवढा तिच्या डोळ्यांसमोर आला. एकदा नाही, दोनदा आत गेलेला. साऱ्या गल्लीत चीक न खाल्लेली एकच बाई, आणि नेमकी तीच!

"काय गं, थांबलीस काहून?" काकीनं विचारलं. "त्यानं काय करायचं, सांग की."

"काकी," शिवकन्या ओट्यावरून उतरली. "तुझा हात."

काकीनं हाताकडं पाहिलं. मग पोरीकडं. मग पुन्हा हाताकडं. गल्लीतलं रडं एकदम थांबलं.

"धुतल्ता की मी," ती हळूच म्हणाली.

"नुसत्या पाण्यानं. आन् तिथल्या तिथं साबणानं चोळून चोळून धुवायला पायजे व्हता." शिवकन्येनं घरातून साबणाची वडी आणली, रांजणातलं पाणी ओतलं आणि काकीचे हात घासू लागली. घासता घासता तिचे डोळे वाहत होते. "उशीर झाला, तरी धुते. पण एवढ्यानं भागत न्हाई. जालन्याला जायचं, सरकारी दवाखान्यात. पोटात चौदा सुया घ्यायच्या. त्याला लस म्हणतात. रोग मेंदूपर्यंत चढायच्या आत शरीराची पलटण तयार करायची. ही शर्यत हाय काकी, आपण आधी पोचायला पायजे!"

"पोटात?" काकीनं हात ओढून घेतले. साबणाचा फेस तसाच. "बिलकुल न्हाई."

"आगं पण..."

"पोटात न्हाई म्हणले ना!"

शिवकन्येला कळेचना. सुईला घाबरणारी ही बाई नव्हती. मग द्वारकाबाईनं डोळे पुसले आणि जे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं ते बोलून टाकलं.

"पोटातल्या सुईनं काय करतेत ते समद्या मुलखाला माहिताय. कूस बंद. पुरुषांना जीपमधी घालून नेतेत, बायांना सुई म्हणून फसवितेत. आन् तुला हे कुणी शिकिवलं गं? त्या खरात मास्तरनंच ना? मागल्या महिन्यात दारोदार फिरून राह्यल्ता, केस द्या, केस द्या म्हणून. न्हाईतर पगार बंद. आता त्यानं पोरीलाच पढवून धाडली व्हय?"

शिवकन्येच्या तोंडावर कुणीतरी चापट मारावी तसं झालं. सर दारोदार फिरले होते, हे खोटं नव्हतं. आणीबाणीचं वर्ष, जीप आली की गावातले पुरुष ज्वारीच्या रानात पळायचे. सगळ्याच मास्तरांना नसबंदीसाठी माणसं आणून द्यायचा हुकूम होता. सर तिच्या दारात आले तेव्हा मान खाली घालून उभे होते, आणि काकीनं आतूनच कडी लावली होती. पण धडा? धडासुद्धा खोटा व्हायचा का त्यामुळं?

"सरांनी मला काही सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "पुस्तकात हाय."

"पुस्तकबी सरकारचंच," द्वारकाबाई म्हणाली.

काकी उंबऱ्यावर बसली होती. ओले हात मांडीवर पालथे ठेवून. "शिवे, मी मेले तर मेले," ती म्हणाली. "समद्यांनाच मरायचंय. पण माझी कूस मी माझ्या हातानं बंद करून घेणार न्हाई. हे सोमवार मंग कशापायी केले?"

"तू मेल्यावर लेकरू कुठनं येणार गं!" शिवकन्या ओरडली.

संपतकाका एवढा वेळ गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. त्याच्या हातातली वेसण जमिनीवर पडली.

मग काकीनं मान वर केली. तिचे डोळे शिवकन्येच्या हातांवर थांबले, अजून फेसानं भरलेल्या. तिचा चेहरा असा पांढरा पडला, की शिवकन्येला वाटलं हिला घेरी आली.

"शिवे. जीभ तू धरल्तीस."

शिवकन्येनं खाली पाहिलं. आपलीच बोटं. आपल्याच नखांपाशी त्याच चिरा. आख्ख्या गल्लीला शिकवत होती, काकीचे हात घासत होती, आणि ही दोन बोटं, हा अंगठा तिला स्वतःला दिसलेच नव्हते! खरखरीत, चिकट, सारखी निसटणारी ती जीभ. धड्यातल्या रोगाची लक्षणं तिला ओळीनं पाठ होती. पाण्याची भीती, घशाची ओढ, सगळी. पेपरात एकही चुकली नसती. आता ती एकेक करून तिच्याच अंगावर चालून येऊ लागली.

तिला रडावंसं वाटलं, काकीच्या मांडीत तोंड खुपसावंसं वाटलं. पण तसं काही न करता ती उभी राहिली.

"मंग मी जाते," ती म्हणाली. आवाज फाटला होता, तरी मोठा होता. "उद्या पहिल्या एसटीनं. मी घेते पोटात सुया."

"खुळी का काय तू?" काकी ताडकन उठली. "आजून लगीन व्हायचंय तुझं!"

"व्हय, लगीनबी करायचंय आन् मलाबी लेकरं व्हायला पायजेत!"

बिनलग्नाची पोर, चारचौघांत, काकासमोर असलं बोलली! द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. शिवकन्येचे कान तापले, पण आता माघार नव्हती. "मला चांगली चार लेकरं पायजेत. त्या सुईनं कूस बंद व्हत असती, तर मी गेले असते का? सांग. मी एवढी येडी हाय का?"

काकी तिच्याकडं बघतच राहिली. मग तिनं हळूच आपले हात पदराला पुसले.

"एकटी कशी धाडू हिला," ती संपतकाकाला म्हणाली. "चला, आपणबी जाऊ. पण मी नुसती संगं येते. सुई मी घेणार न्हाई, आधीच सांगते."

काकाची हरकत नव्हती. शिवकन्येचे वडील साहेबराव कापसाच्या गाडीबरोबर परगावी गेले होते; त्यांच्यासाठी शेजारी निरोप ठेवला. सकाळच्या गाडीत तिघं बसले. शिवकन्या खिडकीपाशी, हात मांडीवर उताणे टाकून. एवढी बडबडी पोर, जालना येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. काकीनं दोनदा पाण्याचा तांब्या पुढं केला. दोन्ही वेळा शिवकन्येनं घोट घेतला आणि आपल्याला गिळता येतंय ना, हे आधी तपासलं.

दवाखान्याच्या भिंतीवर भला मोठा लाल त्रिकोण रंगवला होता. कुटुंब नियोजनाचा. तो दिसला आणि काकी फाटकातच थांबली. पाऊल उचलेना.

"मी हितंच बसते."

"दारापोतर तरी चल," शिवकन्या म्हणाली. "मला भ्या वाटतंय."

हे मात्र खरं होतं, आणि काकीला ते कळलं. ती दारापर्यंत आली.

डॉक्टर तरुणच होते, डोळ्यांखाली काळं. त्यांनी म्हशीची सगळी हकिगत ऐकली, शिवकन्येची बोटं उलटीसुलटी करून पाहिली आणि मान हलवली. "घ्यावीच लागतील. रोज एक." शिवकन्या टेबलावर आडवी झाली. सुई केवढी होती! ओठ चावून न ओरडायचं असं तिनं ठरवलं होतं, आणि ती अशी किंचाळली की बाहेरच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं.

काकी दार सोडून आत आली होती. शिवकन्येचं डोकं तिनं छातीशी धरलं होतं, कधी धरलं ते तिचं तिलाही कळलं नसावं.

"डाक्टरसाहेब," ती म्हणाली. "खरं सांगा. ह्या सुईनं हिची कूस बंद व्हणार न्हाई ना?"

डॉक्टरांच्या हातातला कापूस तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"पोटातल्या सुईनं करता म्हणं तुम्ही."

"असं कोण म्हणतं?"

"समदं गाव म्हणतंय."

डॉक्टर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "गेल्या आठवड्यात इथं एक पोरगा आणला होता. पाणी पुढं केलं की घसा आवळायचा त्याचा. कुत्रं चावून दोन महिने झाले होते. मी त्याच्या आईला रागावलो, इतके दिवस का नाही आणलं म्हणून. ती नुसती पोटावर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, तिलाच काही दुखतंय." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "मला आज कळलं ती काय सांगत होती."

काकीनं आपला उजवा हात पुढं केला, हळूच, चोरून आणलेली वस्तू दाखवावी तसा.

"माझा हात हितपोतर आत गेल्ता," तिनं कोपर दाखवलं.

डॉक्टर एकदम उठले. "आणि तुम्ही दारात उभ्या होता?"

"मला लेकरू पायजे, साहेब."

"ह्या सुईनं ते थांबत नाही. हवं तर लिहून देतो."

"लिवून काय करू, मला वाचता कुठं येतं." काकीनं शिवकन्येला पुढं ओढलं. "हिच्या डोक्यावर हात ठेवून बोला."

संपतकाका दारातून म्हणाला, "अगं, साहेबांना असं..." पण डॉक्टरांनी खरंच हात ठेवला. त्या हाताला औषधाचा वास येत होता. "ह्या मुलीची शपथ," ते म्हणाले, "ही सुई फक्त पिसाळण्याची. दुसरं काही नाही त्यात."

गिरिजाकाकी टेबलावर आडवी झाली. तिनं डोळे मिटले. शिवकन्येचं मनगट तिनं असं आवळलं, की त्या बारीक बोटांत एवढं बळ आहे हे पोरीला पहिल्यांदा समजलं. सुई आत गेली. काकीच्या तोंडातून आवाज निघाला नाही.

"वेळेत आलोत का आम्ही?" शिवकन्येनं विचारलं.

"बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "आता एकही दिवस चुकवायचा नाही. जालन्यातच कुणाकडं तरी राहा. आणखी कुणी हात लावला होता त्या तोंडाला?"

काकी उठून बसली. पदर सारखा करता करता तिचा हात थांबला. तिनं आणि शिवकन्येनं एकमेकींकडं पाहिलं.

"रखमाजीभाऊजी," काकी म्हणाली. "जबडा त्यांनी धरल्ता! दोन्ही हातांनी!" ती टेबलावरून खाली उतरली आणि नवऱ्याला दाराबाहेर ढकलू लागली. "तुम्ही काय उभे राह्यलात? जा माघारी, जल्दी जा. गाडी चुकली तर ट्रकमधी बसा. त्या बाबाच्या पाल्यापासनं त्यांना उचलून आणा. न्हाई म्हणले तर द्वारकीला मधी घाला, तिच्या तोंडापुढं कुणी टिकत न्हाई. आन् तिला सांगा, गिरिजानं पोटात सुई घेतली म्हणून. गिरिजानं घेतली, असंच सांगा!"

संपतकाकानं चपला हातात घेतल्या आणि धोतराचा सोगा सावरत तो फाटकाकडं पळत सुटला.